गाळाचं काय करायचं?

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत सहज विचारून पाहा, "तुम्हाला कॉफी कशी आवडते?" आम्ही हा प्रश्न ओळखीच्या मंडळींना विचारला तेव्हा जितकी माणसं तितकी उत्तरं मिळाली. कुणाला दुधात उकळून वर जायफळ किसलेली, म्हणजे आपल्याकडे पाहुण्यांना करतात तशी कॉफी हवी. कुणाला पितळी फिल्टरमधून थेंब थेंब उतरलेल्या अर्काची, कडक दाक्षिणात्य. कुणाला झटपट कॉफीची पूड साखरेबरोबर चमच्याने फेसाळेपर्यंत फेटून केलेली. एखादा म्हणतो, "काळी, बिनसाखरेची. बाकी सगळं म्हणजे कॉफीची खीर!" प्रत्येकाला वाटतं, ही माझी आवड, तिच्यात कारण विचारण्यासारखं काय आहे?

आम्हालाही तसंच वाटत असे. पण या निरनिराळ्या पद्धतींचा इतिहास पाहू लागलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. जगात कॉफी करण्याच्या ज्या मुख्य तऱ्हा आहेत, त्यांतली प्रत्येक तऱ्हा म्हणजे एकाच साध्या प्रश्नाला दिलेलं वेगळं उत्तर आहे. तो प्रश्न म्हणजे, गाळाचं काय करायचं? आणि या प्रश्नाला एका गृहिणीने शोधलेल्या उत्तराचा तिच्या मनातही नसलेला एक परिणाम पाऊणशे वर्षांनंतर वैज्ञानिकांच्या ध्यानात आला. ती हकिगत सांगण्यासाठीच हा लेख.

एक पंचमांश कपात, बाकीचं कुठे?

कॉफी म्हणजे एका फळाची बी. ती भाजायची, दळायची आणि गरम पाण्याने तिच्यातला अर्क काढायचा. भाजलेल्या पुडीतला फार तर तीस टक्क्यांच्या आसपास भाग पाण्यात विरघळू शकतो. तेवढा सगळाही काढायचा नसतो, कारण शेवटी शेवटी उतरतात ती बरीचशी कडू आणि तुरट द्रव्यं. चवीला चांगल्या समजल्या जाणाऱ्या कॉफीत पुडीचा साधारण एक पंचमांश भाग उतरलेला असतो. म्हणजे उरलेले चार पंचमांश हा चोथा. तो पाण्यापासून वेगळा करायचा, आणि तोही वेळेवर.

चहाच्या बाबतीत हे सोपं आहे. पानं मोठी असतात, साध्या गाळणीत अडकतात. कॉफीची पूड मात्र बारीक. जितकी बारीक दळावी तितका तिचा एकूण पृष्ठभाग वाढतो आणि अर्क लवकर उतरतो. पण तितकीच ती गाळणीतून निसटते. सातवी-आठवीच्या विज्ञानात आपण मिश्रणाचे घटक वेगळे करण्याच्या रीती शिकवतो: निवळणे, निथळणे, गाळणे. कॉफीचा इतिहास म्हणजे जवळजवळ हाच धडा, तोही त्याच क्रमाने.

पहिलं उत्तर: राहू दे तळाशी

कॉफीचं झाड मूळचं इथिओपियाकडचं. पण पेय म्हणून कॉफीचे भरवशाचे उल्लेख मिळतात ते पंधराव्या शतकातल्या येमेनमधून. तिथले सूफी साधक रात्रीच्या जपाला जाग राहावी म्हणून ती पीत. तिथून ती मक्केला पोचली. १५११ मध्ये मक्केच्या अधिकाऱ्याने तिच्यावर बंदी घातली, पण ती टिकली नाही. सोळाव्या शतकाच्या मध्याला इस्तंबूलमध्ये कॉफीची दुकानं निघाली.

तुर्की पद्धतीत कॉफी अगदी पिठासारखी दळतात. लांब दांड्याच्या छोट्या भांड्यात पाणी, पूड आणि हवी असल्यास साखर एकत्र घालून मंद आचेवर फेस वर येईपर्यंत तापवतात आणि सगळंच्या सगळं कपात ओततात. गाळणी नाहीच. कप जरा वेळ तसाच ठेवायचा, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं सावकाश प्यायचं आणि तळाशी चिखल लागला की थांबायचं. उरलेल्या गाळाच्या आकृत्यांवरून भविष्य सांगण्याचीही तिथे रीत आहे. २०१३ मध्ये युनेस्कोने तुर्की कॉफीच्या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं.

या रीतीतल्या सावकाशपणाला भौतिक कारण आहे. द्रवात बुडणाऱ्या बारीक कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास निम्मा झाला तर वेग पाव होतो. पिठासारखी पूड म्हणूनच लवकर खाली बसत नाही, आणि ही कॉफी घाईने पिता येत नाही.

युरोपच्या उत्तर टोकाला, नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडमध्ये, दुसरी युक्ती रूढ झाली. तिथे पूड जाडसर ठेवत, किटलीत पाण्याबरोबर उकळत आणि किटली खाली उतरवून गाळ बसू देत. जाड कण लवकर बसतात. तरीही तरंगणाऱ्या कणांसाठी किटलीत वाळवलेल्या माशाच्या कातडीचा तुकडा टाकत. स्वीडनमधून अमेरिकेत गेलेल्या लोकांमध्ये पुडीत अंडं कालवून ती उकळण्याची चाल होती. ऐकायला विचित्र वाटेल, पण गढूळ पाण्यात तुरटी फिरवणाऱ्या आपल्या आज्यांना यात नवल वाटलं नसतं. तुरटीने जसे मातीचे कण एकत्र येऊन जड होतात, तसंच इथे कातडीतली किंवा अंड्यातली प्रथिनं कॉफीच्या कणांना धरून खाली बसवतात.

दुसरं उत्तर: उकळू नका, पाणी वरून जाऊ द्या

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये पूड कापडाच्या पिशवीत बांधून गरम पाण्यात भिजवण्याची रीत आली. त्याच शतकाच्या अखेरीस दोन कप्प्यांचं भांडं प्रचारात आलं. वरच्या सच्छिद्र कप्प्यात पूड दाबून बसवायची, वरून गरम पाणी ओतायचं, खालच्या कप्प्यात अर्क जमा होतो. पॅरिसचे आर्चबिशप द बेलॉय यांचं नाव या भांड्याशी जोडलं जातं.

या भांड्यामागचा विचार ज्याने शास्त्रीय पद्धतीने मांडला तो माणूस विज्ञान शिकवणाऱ्यांच्या ओळखीचा आहे. तोफेची नळी कोरताना निघणाऱ्या उष्णतेवरून, उष्णता हा पदार्थ नसून ती गतीशी निगडित आहे असं १७९८ मध्ये मांडणारा काउंट रम्फर्ड! १८१२ मध्ये त्याने कॉफीचे गुण आणि ती उत्तम करण्याची कला या विषयावर एक स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. त्याचं मुख्य सांगणं असं की कॉफी उकळू नये. कॉफीची लज्जत तिच्या सुवासिक द्रव्यांत असते आणि उकळताना ती वाफेबरोबर उडून जातात. घरभर सुटलेला घमघमाट म्हणजे कपातून निघून गेलेली कॉफीच. पाणी उकळीच्या किंचित खाली असावं, पूड सारखी दाबलेली असावी, भांडं थंड पडू नये, असे नियम त्याने घालून दिले आणि उष्णता टिकवणारी भांडीही बनवली.

आपल्याकडचा दाक्षिणात्य फिल्टर याच कुळातला. कॉफीचं झाड आपल्याकडे सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी येमेनमधून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. तो डोंगर आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. दक्षिणेतल्या फिल्टरमध्ये पाणी अगदी हळू उतरतं, म्हणून अर्क दाट होतो. त्यात पुष्कळदा चिकोरी मिसळलेली असते. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ. युरोपात नेपोलियनच्या काळी, १८०६ नंतरच्या व्यापारबंदीत कॉफी मिळेनाशी झाली तेव्हा तिला पर्याय म्हणून चिकोरीचा वापर फार वाढला. तिच्यात कॅफीन नसतं. पण कॉफीपेक्षा तिचा कितीतरी जास्त भाग पाण्यात विरघळतो, त्यामुळे रंग गडद आणि अर्क दाट येतो. टंचाईत पत्करलेली तडजोड पुढे चवच होऊन बसली. आज अनेक घरांत चिकोरीशिवायची कॉफी 'पाणचट' ठरते. भारतातल्या नियमानुसार अशा मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते.

तिसरं उत्तर: टीपकागद

आता १९०८ मधल्या जर्मनीत जाऊ. ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेन्ट्स नावाची गृहिणी राहत होती. दोन मुलांची आई. तिला कॉफी आवडे, पण दातांत येणारा गाळ आणि जास्त उतरलेल्या अर्काचा कडवटपणा आवडत नसे. कापडाच्या गाळण्या धुवायचं कामही कटकटीचं. कापडात तेल मुरतं, ते खवट होतं आणि पुढच्या कपाला त्याचा वास लागतो.

तिने एक पितळी भांडं घेतलं, त्याच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडली आणि आत मुलाच्या शाळेच्या वहीतला टीपकागद बसवला. वर पूड घालून गरम पाणी ओतलं. खाली उतरली ती स्वच्छ, नितळ कॉफी. काम झालं की कागद चोथ्यासकट टाकून द्यायचा, धुणं नाही की वास नाही.

शाईच्या दौती वापरलेल्या आमच्या पिढीला टीपकागद चांगला आठवतो. शाईचा ठिपका पडला की टीपकागद वर ठेवायचा. तो शाई शोषून घ्यायचा. टीपकागद म्हणजे तंतूंचं दाट जाळं. पाण्याला वाट मिळते, कणांना मिळत नाही. प्रयोगशाळेतला गाळणकागद त्याचाच भाऊ. बेन्ट्सबाईंनी त्याच वर्षी बर्लिनच्या पेटंट कार्यालयात आपल्या गाळणीची नोंद केली आणि वर्षअखेरीस कंपनी काढली. भांडवल होतं ७३ फेनिग, म्हणजे एका मार्कपेक्षाही कमी. नवरा आणि मुलं हेच पहिले कामगार. १९०९ च्या लाइपझिगच्या जत्रेत त्यांनी ही गाळणी मांडली आणि धंद्याने जोर धरला. शंकूच्या आकाराचा जो गाळणकागद आज सर्वत्र दिसतो, तो याच कंपनीने १९३० नंतरच्या दशकात आणला.

याच सुमारास इटलीत वेगळा विचार चालू होता. वेळ कमी लागावा म्हणून तिथे वाफेचा दाब वापरला. तुरीन शहरात १८८४ मध्ये आणि मिलानमध्ये १९०१ मध्ये अशा यंत्रांची पेटंटं घेतली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर मिलानच्या गाज्जिया यांच्या दांड्याच्या यंत्राने हा दाब वातावरणाच्या आठ-नऊ पटींवर नेला. एवढ्या दाबाने पाणी अर्ध्या मिनिटात पुडीतून पार होतं आणि वर तपकिरी साय येते. हीच आजची एस्प्रेसो. आणि गाळाच्या प्रश्नाला सगळ्यांत सोयीचं उत्तर दिलं झटपट कॉफीने: चोथा कारखान्यातच ठेवून द्या, घरी फक्त विरघळणारा भाग पाठवा. ब्राझीलमध्ये कॉफीचे साठे इतके तुंबले होते की ते जाळावे लागत होते. अशा वेळी स्वित्झर्लंडमधल्या एका कंपनीने १९३८ मध्ये अशी पूड बाजारात आणली आणि दुसऱ्या महायुद्धात सैनिकांबरोबर ती जगभर पोचली.

इथपर्यंतची गोष्ट चवीची, सोयीची आणि वेळेची. पुढची गोष्ट मात्र हृदयाची आहे.

किती कप, की कशी केलेली?

नॉर्वेच्या उत्तरेला ट्रॉम्सो नावाचं शहर आहे. तिथल्या लोकांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण मोठं होतं, म्हणून १९७४ पासून तिथे एक मोठी आरोग्यपाहणी सुरू झाली. तिच्यातला एक निष्कर्ष १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. चौदा हजारांहून जास्त स्त्री-पुरुषांच्या माहितीवरून असं दिसत होतं की जे जितके जास्त कप कॉफी पितात, तितकं त्यांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल जास्त.

साहजिकच खळबळ उडाली. पण इतर देशांतल्या पाहण्या तपासल्या तर कुठे असा संबंध दिसे, कुठे दिसत नसे. मग कोण बरोबर? अशा वेळी एक पक्ष म्हणतो, पहिली पाहणी चुकीची. दुसरा म्हणतो, बाकीच्या. ट्रॉम्सोच्या संशोधकांनी तिसराच प्रश्न विचारला. आपण लोकांना किती कप पिता हे विचारलं, पण ती कॉफी केलेली कशी असते? उत्तर नॉर्वेत बरेच लोक अजून किटलीत उकळून, गाळ खाली बसवून कॉफी पीत होते. इतर पुष्कळ ठिकाणी ती कागदातून गाळून पिण्याची रीत होती.

१९८५ मध्ये त्यांनी प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. कोलेस्टेरॉल जास्त असलेल्या पुरुषांना काही आठवडे कॉफी पूर्ण बंद करायला सांगितलं. कोलेस्टेरॉल उतरलं. मग त्यांतल्या काहींना उकळलेली आणि काहींना कागदातून गाळलेली कॉफी पुन्हा सुरू करायला सांगितली. उकळलेली पिणाऱ्यांचं कोलेस्टेरॉल पुन्हा चढलं. गाळलेली पिणाऱ्यांचं तितकं चढलं नाही.

पुढचा धागा हॉलंडच्या संशोधकांनी उचलला. १९९० मध्ये त्यांनी उकळलेल्या कॉफीतला तेलकट अंश वेगळा काढून स्वयंसेवकांना दिला. कोलेस्टेरॉल वाढलं. १९९१ मध्ये त्यांनी उकळलेलीच कॉफी कागदातून गाळून दिली. ते वाढलं नाही. म्हणजे दोषी द्रव्य तेलात आहे आणि कागद ते अडवतो, हे ठरलं. १९९४ मध्ये त्या द्रव्यांची नावंही निश्चित झाली: कॅफेस्टॉल आणि काहवेऑल. यांतलं कॅफेस्टॉल अधिक प्रभावी. रोज दहा मिलिग्रॅम कॅफेस्टॉल चार आठवडे पोटात गेलं तर रक्तातलं कोलेस्टेरॉल दर डेसिलिटरमागे सरासरी पाच मिलिग्रॅमने वाढतं. उकळलेल्या किंवा तुर्की पद्धतीच्या एका कपात ते काही मिलिग्रॅम असतं. कागदातून गाळलेल्या कपात जवळजवळ नसतंच. झटपट कॉफीतही ते फार थोडं असतं. एस्प्रेसोत मधल्या प्रमाणात, शिवाय कप लहान.

याचं कारण सोपं आहे. कॉफीच्या बीमध्ये दहा ते पंधरा टक्क्यांच्या आसपास तेल असतं. ते पाण्यात विरघळत नाही. सूक्ष्म थेंबांच्या रूपात तरंगतं आणि बारीक कणांना चिकटून राहतं. धातूच्या जाळीच्या भोकांतून हे थेंब आणि कण आरामात निसटतात. कागदाच्या तंतूंच्या जाळ्यात ते अडकतात.

बेन्ट्सबाईंना कोलेस्टेरॉलशी काही देणंघेणं नव्हतं. १९०८ मध्ये हृदयविकाराशी त्याचा संबंध कुणी प्रस्थापितही केला नव्हता. त्यांना फक्त दातांत न येणारी कॉफी हवी होती. पण गाळ अडवताना त्यांच्या टीपकागदाने, कुणाला न कळत, आणखीही काही अडवलं. फिनलंडमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उकळलेल्या कॉफीची जागा कागदी गाळणीने घेतली. त्याच काळात तिथल्या लोकांचं कोलेस्टेरॉल खूप उतरलं. त्याचं मुख्य श्रेय आहारातल्या स्निग्ध पदार्थांतल्या बदलांना जातं, पण थोडा वाटा या बदललेल्या कॉफीचाही मानला जातो.

मग आपण उकळलेली कॉफी सोडून द्यायची का? घाबरण्याचं कारण नाही. दिवसाला एखादा कप पिणाऱ्याच्या बाबतीत साय, तूप आणि तळण यांचा हिशोब कॉफीच्या तेलापेक्षा मोठा ठरतो. शिवाय भारतात जास्त पिकते ती रोबस्टा जात. तिच्यात अरेबिकापेक्षा कॅफेस्टॉल कमी असतं. पण दिवसाला पाच-सहा कप न गाळता पिणाऱ्याने आणि ज्याचं कोलेस्टेरॉल आधीच जास्त आहे त्याने आपली गाळणी एकदा तपासावी हे बरं. २०२० मध्ये नॉर्वेतल्या पाच लाखांहून जास्त लोकांच्या सरासरी वीस वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. त्यांत सर्वांत कमी मृत्युदर दिसला तो रोज एक ते चार कप गाळलेली कॉफी पिणाऱ्यांत. अर्थात ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे. गाळलेली कॉफी पिणारे लोक इतरही बाबतींत वेगळे असू शकतात, हे विद्यार्थ्यांशी जरूर बोलावं.

वर्गात करून पाहा

बियांची दळलेली कॉफी दोन चमचे घ्या. झटपट कॉफी चालणार नाही. ती कपभर पाण्यात दोन मिनिटं उकळा आणि ढवळून तीन सारखे भाग करा. एक भाग स्टीलच्या चहाच्या गाळणीतून, दुसरा धुतलेल्या मलमलीतून आणि तिसरा प्रयोगशाळेतल्या कोऱ्या गाळणकागदातून काचेच्या पेल्यांत गाळा. हे पिण्यासाठी नाही. कुठल्या गाळणीतून गाळायला किती वेळ लागला ते मुलांना लिहायला सांगा. अर्ध्या तासाने तीनही पेले उजेडाकडे धरून पाहा. तळाशी गाळ किती आहे? तिरप्या उजेडात पृष्ठभागावर तेलाचा तवंग दिसतो का? गाळणकागद वाळवून उजेडासमोर धरला तर त्यावर तेलकट अर्धपारदर्शक डाग दिसतो का? वेगळ्या भांड्यात जाड आणि बारीक पूड पाण्यात ढवळून, कोणती आधी तळाला बसते हेही मोजता येईल.

या प्रयोगाने कोलेस्टेरॉल मोजता येणार नाही. पण आवडीनिवडीच्या मागेही कारणं असतात, हे मुलांना दिसेल. कुणाला नितळ कॉफी आवडते, कुणाला दाट. तुर्काला गाळाशिवाय कॉफी अपुरी वाटते, फिल्टरवाल्याला चिकोरीशिवाय, आपल्या घरांत जायफळाशिवाय. आपण ज्या गाळणीजवळ वाढलो तिचीच चव आपल्याला योग्य वाटते. ट्रॉम्सोच्या संशोधकांनी 'किती कप?' या प्रश्नाला 'कशी केलेली?' हा प्रश्न जोडला आणि कोडं सुटलं. दोन निष्कर्ष एकमेकांविरुद्ध जाऊ लागले की कोण खोटं हे ठरवण्याआधी, आपण विचारायचं काय राहून गेलं हे पाहावं. ही सवय वर्गात लागली तर तिचा उपयोग कॉफीपुरता राहणार नाही.

आणि मधल्या सुट्टीत पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "मला अशीच कॉफी लागते," तर आपण एवढं जरूर विचारावं, "गाळता कशाने?"